नाइट गार्ड अंगवळणी पडताना



आजचा विषय कळल्यावर कासुर्डीतल्या काही जणांनी आम्हाला विचारलं, झोपेत दात खाणं हा काय व्याख्यानाचा विषय झाला का? झाला. आपल्या भाषेनं दातांचं आणि मनाचं नातं केव्हाच ओळखलेलं आहे. राग आला की माणूस दातओठ खातो, भीती बसली की दातखीळ बसते. पण हे झालं जागेपणीचं. झोपेतलं दात खाणं ज्याचं त्याला ऐकू येत नाही. ते ऐकू येतं शेजारी झोपलेल्याला. म्हणून आमच्याकडे या तक्रारीसाठी येणारा माणूस बहुतेक वेळा एकटा येत नाही, कोणीतरी त्याला घेऊन येतं.

त्यावर दातांचे डॉक्टर जो उपाय देतात तो म्हणजे नाइट गार्ड, रात्री दातांवर चढवायचं एक पारदर्शक कवच. तो गार्ड काय आहे हे आज थोडक्यात सांगू आणि तो अंगवळणी कसा पाडायचा हे जरा सविस्तर. कारण गार्ड करून घेणारे पुष्कळ असतात, टिकवून वापरणारे त्या मानानं थोडे. बाकीच्यांचे गार्ड डबीसकट कपाटात जातात. पहिल्या पंधरा दिवसांत काय काय होणार हे आधी माहीत असेल, तर त्यातले बरेच गार्ड कपाटाबाहेर राहतील.

झोपेत नेमकं काय होतं

आपण दिवसभर बोलतो, जेवतो, आवंढा गिळतो. तरीसुद्धा चोवीस तासांत वरचे आणि खालचे दात एकमेकांना प्रत्यक्ष टेकतात तो सगळा वेळ साधारण वीस मिनिटांच्या आसपासच भरतो. जेवतानाही दोघांच्या मध्ये घास असतो. म्हणजे दातावर दात घासण्यासाठी दात बनलेलेच नाहीत.

झोपेत दात खाणाऱ्याचा हा हिशोब बिघडतो. दिवसा जोर जास्त पडला तर मेंदू लगेच आवरतो. भाकरीत खडा आला की जबडा कसा झटकन थांबतो ते आठवा. झोपेत हा लगाम सैल असतो. रात्रीत प्रत्येकाचीच झोप अधूनमधून क्षणभर उथळ होते, आपल्याला जागही येत नाही. त्या क्षणी मेंदू थोडा चाळवतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू सेकंदाला साधारण एकदा या लयीत आवळायला लागतात. कित्येक निरोगी माणसांत हे सौम्यपणे होतच असतं. काहींच्यात ते जोरानं आणि वारंवार होतं, आणि मग करकर आवाज येतो. मोठ्या माणसांत शंभरातल्या साधारण आठ ते तेरा जणांना ही सवय असल्याचं निरनिराळ्या पाहण्यांतून दिसलं आहे.

पूर्वी असं मानत की दात वेडेवाकडे असले, एखादा दात उंच लागला, की माणूस तो घासून सपाट करायला बघतो. म्हणून चांगले दात कानसून बसवायची पद्धत होती. आता हे मागे पडलं आहे. सुरुवात मेंदूत आणि झोपेत होते, दात फक्त मार खातात. 2018 साली या विषयातल्या जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून जी व्याख्या पक्की केली तीही हेच म्हणते. झोपेतलं दात खाणं ही जबड्याच्या स्नायूंची हालचाल आहे, आणि एरवी निरोगी असलेल्या माणसात तिला आजार म्हणायची गरज नाही. तेव्हा कोणी दात खातो म्हणून 'याच्या मनात काहीतरी सलतंय' असा निवाडा घरच्यांनी लगेच देऊ नये. ताणाचा हातभार असतो, पण तंबाखू, रात्रीची दारू, फार कॉफी, घोरण्याचा विकार आणि उदासीनतेवरच्या काही गोळ्या यांचाही असतो. त्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत, ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांच्याशी बोलायचं.

आजार नाही, मग काळजी कशाला? तर दाताच्या वरच्या कठीण थरासाठी, इनॅमलसाठी. शरीरात याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही, पण दाढेच्या टोकावर त्याची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते. इनॅमल झिजलं ते झिजलं, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात. थर गेला की आतला पिवळा भाग उघडा पडतो, गार पाणी झिणझिणतं, भरलेली सिमेंटं निघतात, दाढेला चीर जाते. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्याशिवाय इलाज उरत नाही.

गार्ड काय करतो, काय करत नाही

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गार्ड दात खाणं थांबवेलच असं नाही. काही अभ्यासांत पहिले थोडे दिवस स्नायूंची हालचाल कमी झालेली दिसली आणि काही आठवड्यांत ती पुन्हा मूळपदावर आली. 2007 साली कॉक्रेन या संस्थेनं तोवरचे सगळे चांगले अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा गार्डनं झोपेतलं दात खाणं कमी होतं असं म्हणायला पुरेसा पुरावा मिळाला नाही. दातांची झीज रोखण्यासाठी मात्र त्याचा उपयोग होऊ शकतो, असं त्यांनी नोंदवलं.

म्हणजे गार्ड हे हेल्मेट आहे. हेल्मेट घातल्यानं गाडी घसरायची थांबत नाही, पण डोकं वाचतं. 'महिना झाला घालतोय, तरी बायको म्हणते आवाज येतोच' अशी तक्रार घेऊन लोक येतात. आम्ही त्यांचा गार्ड उजेडात धरून दाखवतो. त्यावर चकाकणारे, घासलेले डाग असतात. ते डाग दाढांवर पडायचे होते, ते प्लॅस्टिकवर पडले. गार्ड नवा करता येतो, दाढ करता येत नाही.

गार्ड करण्याआधी

तीन गोष्टी आधी बघून घ्याव्यात.

पहिली, किडलेल्या दाढा. गार्ड तुमच्या दातांच्या मापावर बनतो. नंतर सिमेंट भरलं किंवा टोपी बसवली की माप बदलतं आणि गार्ड बसत नाही. म्हणून आधी दुरुस्ती, मग माप.

दुसरी, घोरणं. नुसतं घोरणं नव्हे, तर झोपेत श्वास अडकणं, गुदमरून उठणं, आणि रात्रभर झोपूनही दिवसा गाडीवर डुलकी लागणं. ही लक्षणं असतील तर आधी झोपेची तपासणी. श्वास अडकणाऱ्या काही रुग्णांत नुसता वरच्या दातांवरचा गार्ड घातल्यानं तो त्रास वाढलेला दिसला आहे. सोलापूर रस्त्यावर रात्री गाडी हाकणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

तिसरी, तोंड किती उघडतं. आपली तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील, आणि गुटखा-सुपारीची सवय असेल, तर तो प्रश्न दात खाण्याचा नाही. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी तोंड आखडलेली तरुण पोरं आम्हाला दिसतातच. ती कॅन्सरच्या आधीची अवस्था असू शकते. त्याची तपासणी आधी, गार्डचं नंतर बघू.

पहिले पंधरा दिवस

गार्ड हातात आला की त्याच रात्री घालून झोपायची घाई करू नका. पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळी जागेपणी तासभर घाला. टीव्ही बघताना, भाजी निवडताना, पोराचा अभ्यास घेताना. बोलायला गेलात तर 'स' आणि 'च' अडखळतील, घरचे हसतील. हसू द्या. जिभेला आणि गालांना ओळख पटली की रात्र सोपी जाते.

घालण्याची रीत साधी आहे. गार्ड पाण्यानं ओला करायचा, दातांवर ठेवायचा आणि दोन्ही बाजूंच्या दाढांवर बोटांनी दाबून बसवायचा. चावून बसवायचा नाही. चावल्यानं तो तडकतो किंवा वाकतो. काढतानाही एका बाजूनं ओढायचा नाही, दोन्हीकडून नखानं थोडा थोडा सैल करायचा.

पहिल्या चार-पाच रात्री लाळ सुटते. तोंडाला वाटतं काहीतरी खायला आलंय. उशी ओली होईल, टॉवेल पसरून झोपा. ही लाळ हळूहळू आपोआप कमी होते. काहींना उमासे येतात. गार्ड मागे घशाकडे लांब वाटत असेल तर तो कमी करून मिळतो, ते सहन करायचं कारण नाही.

सकाळी गार्ड उशीखाली किंवा अंथरुणात सापडेल. म्हणजे झोपेत तुमच्याच हातानं तो काढला. हे फार जणांचं होतं. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा घालायचा. आधी दोन तास राहतो, मग चार, मग सकाळपर्यंत. रात्री मोजाव्यात त्या अशा.

सकाळी काढल्यावर दात थोडे आवळल्यासारखे वाटतील. दात मिटताना 'नेहमीसारखे बसत नाहीत' असंही वाटेल. पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात हे जायला हवं. तोवर चहा घ्या, नाश्ता जरा थांबून करा.

आता, आठवडाभरानं डॉक्टरांकडे पुन्हा जायचं असतं. इथे आपल्याकडची बरीच गाडी रुळावरून घसरते. कासुर्डीहून पुण्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. माणूस म्हणतो, बसलाय की नीट, परत कशाला? परत यासाठी की पहिल्या आठवड्यात गार्डवर तुमच्या जबड्याचे खरे ठसे उमटतात. डॉक्टर दातांमध्ये रंगीत कागद धरून चावायला सांगतात, कुठे जास्त दाब येतो ते बघतात आणि तेवढं घासून काढतात. समोरचे सगळे दात गार्डवर सारखे टेकायला हवेत. ही पाच-दहा मिनिटांची दुरुस्ती झाली नाही तर एकाच दाढेवर भार येतो, ती दुखते, आणि गार्ड कपाटात जातो. म्हणून गार्ड पुण्यात करा, यवतला करा नाहीतर केडगावला करा, पण जिथे दोनदा परत जाणं तुम्हाला जमेल तिथे करा. माप देण्याच्या दिवशीच पुढची तारीख ठरवून घ्या.

दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांना तोंडात काही आहे याचा विसर पडायला लागतो. काहींची सकाळची कानशिलाची ठणक कमी होते. सगळ्यांचीच होते असं आम्ही म्हणणार नाही. काहींना रुळायला महिनाही लागतो.

आणि काय सोसायचं नाही तेही ऐका. एकच दात सतत दुखणं, हिरडीला फोड येणं, जबड्याची दुखी दिवसेंदिवस वाढणं, दुपारपर्यंत दात नीट न मिटणं, घोरणं वाढणं. यातलं काहीही झालं तर 'सवय होईल' म्हणत बसू नका. गार्ड काढून ठेवा आणि दाखवा. सवय अडचणीची करायची असते, दुखण्याची नाही.

आपल्याकडच्या रात्री

गार्डसोबत मिळणाऱ्या कागदावर लिहिलेलं असतं, 'रात्री झोपताना घाला, सकाळी काढा.' लिहिणाऱ्याला आपल्याकडची रात्र माहीत नसते. इथे शेतीच्या लाइटची पाळी असते. पाळी रात्रीची असली की बारा-एकला उठून उसाला दारं धरायला जावं लागतं, त्यात बिबट्याची धास्ती. अशा माणसाची झोप तुकड्यांत होते, आणि झोप जितकी तुटते तितकं दात खाणं वाढू शकतं. त्यानं काय करावं? उठल्यावर गार्ड काढून डबीत ठेवावा. खिशात नाही, ट्रॅक्टरच्या टपावर नाही. परत आल्यावर चूळ भरून पुन्हा घालावा. कुरकुंभला किंवा रांजणगावला एमआयडीसीत पाळीनं जाणाऱ्यांसाठीही तेच. दिवसा झोपत असाल तर दिवसा घाला. गार्ड रात्रीचा नसतो, झोपेचा असतो.

दुसरा प्रश्न घरातला. माहेरी कुणाला माहीत नसतं, आणि सासरी आल्यावर नवऱ्याच्या लक्षात येतं की ही झोपेत दात खाते. मुलगी लाजते. गार्ड करून घेते, पण सासूबाई बघतील म्हणून पेटीत ठेवते, सगळे झोपल्यावर अंधारात घालते, पहाटे सगळ्यांच्या आधी काढून न धुताच लपवते. गार्ड खराब होतो आणि चार महिन्यांत सुटतो. आज इथे सासवाही बसल्या आहेत, नवरेही बसले आहेत. चष्म्याची डबी जशी उघड्यावर ठेवता येते, तशी ही डबीही ठेवता आली पाहिजे. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसानं 'अगं, ठेव की इथे फळीवर' एवढं म्हटलं तरी आमचं निम्मं काम होतं.

निगा

सकाळी काढला की साध्या गार पाण्यात मऊ ब्रशनं घासायचा. टूथपेस्ट नको, तिनं ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. हवं तर थोडा सौम्य साबण. गरम पाणी अजिबात नको, गार्डचा आकार बिघडतो. चुलीजवळ, उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही. धुऊन, झटकून, भोकं असलेल्या डबीत कोरडा ठेवायचा. बोअरच्या जड पाण्यानं त्यावर पांढरा थर चढतो. आठवड्यातून एकदा थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवला आणि ब्रशनं घासला तर तो निघतो. आणि कुत्र्यापासून जपा. लाळेचा वास असल्यामुळे कुत्री गार्ड हमखास चावतात.

दिवसाचं काम

रात्रीचं काम गार्डवर सोपवलं तरी दिवसाचं आपल्याकडेच राहतं. जड ओझं उचलताना, गाडी चालवताना, मोबाइलमध्ये डोकं घातलेलं असताना आपण नकळत दात आवळून बसतो. आत्ता या क्षणी बघा. तुमचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकले असतील तर सुटे करा. (हशा) नियम एवढाच, ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ निवांत. दाराच्या चौकटीवर, आरशावर, ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर एक रंगीत ठिपका चिकटवा. तो दिसला की जबडा सैल सोडायचा. याला पैसे लागत नाहीत आणि कानशिलं दुखणाऱ्यांना याचा आधार होतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*आमचा नातू झोपेत दात खातो. जंत झालेत म्हणतात. खरं का?*

आजी, हा समज सगळीकडे आहे, पण जंतांमुळेच दात खातात असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. जंतांचं औषध शाळेत, अंगणवाडीत मिळतं ते जरूर द्या. मुलाच्या रक्तासाठी आणि वाढीसाठी ते हवंच. पण त्यानंतरही दात वाजले तर घाबरू नका. लहान मुलांत हे बरंच आढळतं आणि वाढत्या वयात बहुतेकांचं कमी होतं. वाढत्या जबड्याला शक्यतो गार्ड देत नाहीत. तोंडानं श्वास घेत असेल, घोरत असेल तर मात्र टॉन्सिल तपासून घ्या.

*मी दोन वेळा मिश्री लावते. गार्ड घातला तर चालेल का?*

गार्ड चालेल, पण रात्रीची मिश्री आधी सोडा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती मेंदूला चाळवते आणि झोप उथळ करते. तंबाखू वापरणाऱ्यांत झोपेतलं दात खाणं जास्त आढळतं. शिवाय मिश्री लावून वर गार्ड घातला तर ती रात्रभर हिरडीला धरून राहील. पुढे सकाळचीही सोडायची आहे, पण सुरुवात रात्रीपासून करा.

*ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून दाताखाली दाबायचा गार्ड चालेल का? स्वस्त आहे.*

चार दिवस निभावायला चालेल, कायमचा नको. तो मऊ असतो, लवकर फाटतो, आणि काही जण मऊ वस्तू जास्तच चावत बसतात. 1987 साली दहा जणांवर झालेल्या एका लहान अभ्यासात कठीण गार्डनं आठ जणांची रात्रीची स्नायूंची हालचाल कमी झाली, तर मऊ गार्डनं पाच जणांची उलट वाढली. दहा जणांवरून सगळ्या जगाचा नियम होत नाही, पण जोरानं दात खाणाऱ्याला आम्ही कठीणच सुचवतो. आणि कुठलाही घ्या, त्यानं त्या ओळीतले सगळे दात झाकले पाहिजेत. नुसत्या पुढच्या दातांवरचा गार्ड बरेच महिने वापरला तर मागच्या दाढा सरकून दात मिटण्याची ठेवण बदलू शकते.

*गार्ड किती वर्षं घालायचा? जन्मभर?*

गार्ड किती टिकेल ते तुमच्या जोरावर आहे. कुणाचा वर्षात भोक पडतो, कुणाचा पाच वर्षं जातो. सवयीचं म्हणाल तर ती आयुष्यात कमीजास्त होत राहते आणि वयाबरोबर बहुतेकांची उतरते. म्हणून दर सहा महिन्यांनी दात दाखवायला जाल तेव्हा गार्ड डबीत घालून सोबत न्या. त्यावर नवे डाग पडलेत की नाही हे डॉक्टर बघतील. डाग पडत असतील तोवर घालायचा, पडायचे थांबले तर सोडण्याबद्दल विचारायचं. मधे चार-आठ दिवस राहून गेला तर काही बिघडत नाही, त्या रात्रीपासून पुन्हा घाला. महिनोन् महिने राहिला असेल आणि आता आवळ लागत असेल, तर जोर लावून बसवू नका, आधी दाखवा.